सरकार बदललं आणि नव्या मंत्र्यांचा फोन आला, तर अधिकाऱ्याने काय बोलायचं?

पूर्वभागातली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, पूर्व भागातली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा निघाली, मुलाखत तीन आठवड्यांवर आली आहे. गेल्या रविवारी सात रस्त्याजवळच्या एका अभ्यासिकेत मॉक मुलाखत दिली. समोर तिघे होते, त्यातले एक निवृत्त अधिकारी. सुरुवात छान झाली. चादरीचं भौगोलिक मानांकन, उजनीचं पाणी, गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज, सगळं विचारून झालं. मग त्या निवृत्त साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "समजा तुम्ही उपजिल्हाधिकारी आहात. एका कामाला तुमच्या सहीने मान्यता मिळाली. तीन महिन्यांनी सरकार बदललं. नवे मंत्री फोन करतात, ते काम आजच्या आज रद्द करा म्हणतात. काय कराल?"

मी म्हणाले, "नियमाप्रमाणे वागेन."

"कोणत्या नियमाप्रमाणे?"

मग मी सुटलेच. सरदार पटेलांनी १० ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत अखिल भारतीय सेवांची बाजू कशी मांडली, अधिकाऱ्याला आपलं मत मोकळेपणी मांडता आलं पाहिजे हा त्यांचा आग्रह, नोकरीला संरक्षण देणारं कलम ३११, अखिल भारतीय सेवांचं कलम ३१२, सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सगळं बरोबर आहे. पण फोन अजून चालू आहे. पलीकडे मंत्री थांबलेत. काय बोलणार?"

मला एक शब्द सुचला नाही. घरी येईपर्यंत रिक्षात तेच डोक्यात होतं.

रात्री नानांना सांगितलं. आमचे नाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत, तीस वर्षं झाली. त्यांनी ऐकलं आणि जेवता जेवता म्हणाले, "कारखान्याला नवा मालक आला की पहिला जॉबर बदलतो. तुमच्यातपण तसंच असेल, तर तू जॉबर होण्यासाठी एवढी वर्षं डोळे फोडलीस का?" (जॉबर म्हणजे मागावरच्या कामगारांचा मुकादम.) नानांनी मला कधी परीक्षा सोड म्हटलं नाही, आजही म्हटलं नाही. पण त्यांना खरंच भीती वाटते आहे, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही याचं मला जास्त वाईट वाटलं.

मी माझ्या परीने शोधलं तर चित्र सरळ दिसत नाही. मे २०१९ मध्ये अजोय मेहता मुख्य सचिव झाले. नोव्हेंबरात सरकार बदललं, तरी ते जून २०२० पर्यंत त्याच खुर्चीवर होते, मुदतवाढसुद्धा मिळाली. मनुकुमार श्रीवास्तव फेब्रुवारी २०२२ मध्ये आले, जूनमध्ये सरकार बदललं, आणि ते एप्रिल २०२३ ला निवृत्त होईपर्यंत राहिले. म्हणजे सगळ्यात वरचा माणूस राहतो. मग नवं सरकार आलं की महिन्याभरात बदल्यांच्या याद्या निघतात त्या कोणाच्या? त्यातून अधिकाऱ्याला वाचवणारं काही आहे का? आणि त्या फोनवर काय बोलायचं? ज्यांनी हे जवळून पाहिलं आहे त्यांनी कृपया सांगा. क्लासच्या नोट्समधलं उत्तर माझ्याकडे आहे, ते नको.

होटगी_रोड

ताई, मुलाखतीला मनापासून शुभेच्छा. मी अधिकारी नाही, साधा नागरिक आहे, त्या बाजूने सांगतो.

सरकार बदलल्यामुळेच साहेब बदलतो असं नाही. तुकाराम मुंढे २०१४ च्या अखेरीस इथे कलेक्टर म्हणून आले. मे २०१६ मध्ये नवी मुंबईला आयुक्त, मार्च २०१७ मध्ये पुण्याच्या शहर बससेवेवर, म्हणजे पीएमपीएमएलवर, फेब्रुवारी २०१८ मध्ये नाशिकला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथूनही बदली. या सगळ्या काळात मुख्यमंत्री एकच होते.

साहेब का बदलला यापेक्षा तो गेल्यावर आमचं काय होतं, हे मला जास्त सलतं. आमच्या भागातली चिमणी घ्या. विमानतळाला अडथळा म्हणून वादात असलेली साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. त्यानंतरचं पहिलं प्रवासी विमान उडालं ९ जून २०२५ ला, गोव्याचं. त्याआधी हा वाद वर्षानुवर्षं चालला. तेवढ्यात किती सरकारं झाली, किती कलेक्टर, किती आयुक्त! विमान पाहिजे म्हणणारे असोत की चिमणी राहू द्या म्हणणारे सभासद असोत, दोघांनाही प्रत्येक नव्या साहेबापुढे पहिल्यापासून गाऱ्हाणं मांडायला लागायचं.

पाण्याचंही तसंच. उजनी भरलेली असते आणि माझ्या घरी नळ चार-चार दिवसांनी येतो. महापालिकेत मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासक होते. म्हणजे नगरसेवकही प्रशासकच, सभागृहही प्रशासकच. अशा वेळी तो एक माणूस बदलला की माझी तक्रार परत पहिल्या पानावर. माझी आई पंच्याहत्तरीला आली, अजून पाणी यायच्या रात्री जागी राहते.

तुम्ही साहेब झालात की एक करा. जाताना पुढच्या माणसासाठी सगळं लिहून ठेवून जा.

निवृत्त_नायब_तहसीलदार

बाळ, तुझा प्रश्न सकाळपासून तीनदा वाचला. मी १९८५ ला लिपिक म्हणून लागलो आणि ३१ मे २०२० ला नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. लॉकडाऊन होता, निरोपाला सगळ्यांनी लांबूनच हात जोडले. मधली काही वर्षं तालुक्याला काढली, बाकी कलेक्टर कचेरीत. चौदा कलेक्टर पाहिले. मोठा साहेब मी कधीच नव्हतो, पण मोठ्या साहेबांचे मसुदे मी लिहिले आहेत.

आधी नानांचं बघू, कारण त्यांचा प्रश्न तुझ्या पॅनेलवाल्यांपेक्षा अवघड आहे. त्यांना सांग, मालक जॉबरला काढू शकतो. मंत्री अधिकाऱ्याला काढू शकत नाही, हलवू शकतो. बडतर्फ करायचं तर आरोपपत्र, चौकशी, म्हणणं मांडायची संधी, हे सगळं करावं लागतं. आयएएस असेल तर बडतर्फीचा अधिकार राज्याकडे नाहीच, तो केंद्राचा. हां, मंत्र्यांच्या दालनातली माणसं वेगळी. खासगी सचिव, ओएसडी म्हणजे विशेष कार्य अधिकारी, स्वीय सहायक मंत्र्याबरोबर येतात आणि मंत्री गेले की आपापल्या मूळ खात्यात परत जातात. सरकार पडतं त्या रात्री मंत्रालयात कपाटं रिकामी करतात ती बहुतेक हीच माणसं. टीव्हीवर ते बघून लोकांना वाटतं सगळेच साहेब गेले.

पण हलवणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. आमच्या एका साहेबांना फेब्रुवारीत आदेश आला. मुलगी दहावीला, परीक्षा तीन आठवड्यांवर. साहेब एकटे दोन बॅगा घेऊन नव्या जागी हजर झाले. बंगला रिकामा करायचा होता, म्हणून ती पोर आणि तिची आई परीक्षा होईपर्यंत शाखेतल्या एका कारकुनाच्या घरी राहिल्या. त्या कारकुनाच्या बायकोने रोज सकाळी त्या पोरीला डबा दिला. साहेबांचा गुन्हा काय होता, हे आम्हाला कधी कळलं नाही.

यासाठीच २००५ चा बदल्यांचा कायदा आला. अण्णा हजारेंच्या आंदोलनाचा त्यामागे मोठा रेटा होता. एका पदावर साधारण तीन वर्षं, बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल-मे महिन्यात. मध्येच करायची तर खास कारण लेखी नोंदवायचं आणि वरच्या प्राधिकाऱ्याची आधी मान्यता घ्यायची. तो पाळला नाही तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाता येतं. सोलापूरच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागते, वकील लावावा लागतो, तरी लोक जातात आणि जिंकूनही येतात. आयएएसवाल्यांसाठी जानेवारी २०१४ मध्ये नियम बदलले, किमान दोन वर्षं आणि बदलीची शिफारस करायला नागरी सेवा मंडळ. ते झालं सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालामुळे. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि त्यांच्यासारखे बरेच निवृत्त अधिकारी स्वतःहून न्यायालयात गेले होते. पेन्शन घेत घरी बसलेल्या माणसांनी मागून येणाऱ्यांसाठी हे केलं, याचा मला फार आदर वाटतो.

कायदा आला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. पण आदेशात 'प्रशासकीय कारणास्तव' हे दोन शब्द घातले की पुष्कळ काही त्यात मावतं. आणि हेही खरं सांगतो, दर वेळी सरकारच दोषी असतं असं नाही. नवं सरकार येताच पुष्पगुच्छ घेऊन मुंबईची गाडी पकडणारे साहेबही मी पाहिले. आदल्या आठवड्यापर्यंत ज्या पुढाऱ्याचं नाव सुद्धा घेत नव्हते, त्यांच्या बंगल्यावर ताटकळत बसायचे. चांगली जागा मागून घेतलेल्या माणसाला पुढे 'नाही' म्हणता येत नाही. तू जागा मागायला कधी जाऊ नकोस.

आता माझ्या हातून झालेली एक गोष्ट. १९९५ ला युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. केंद्रांना जागा द्यायच्या होत्या. शाखेत अर्जांचा ढीग. मी नकाशे काखेत मारून गावभर फिरलो, जागा दाखवल्या, मसुदे लिहिले. १९९९ ला सरकार बदललं, पुढे योजना बंद झाली आणि जागा रिकाम्या करा म्हणून नोटिसा निघाल्या. त्या नोटिसांचे मसुदेही माझ्याच अक्षरात. एका केंद्रावर एक विधवा बाई होत्या, दोन पोरं पदरात. नोटीस हातात घेऊन म्हणाल्या, "तुमीच दिलाव की ओ जागा. आता तुमीच काढायलाव व्हय?"

मला उत्तर आलं नाही. कचेरीत येऊन साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी नोटीस मागे घेतली नाही. योजना बंद करायचा अधिकार नव्या सरकारला होता, तसं लोकांनी मतदान करून त्यांना पाठवलं होतं. पण साहेब म्हणाले, "योजना बंद झाली, बाई बंद झाल्या नाहीत." त्यांनी मला परत पाठवलं, बाईंचं उत्पन्न, घरातली माणसं, सगळं लिहून आणायला लावलं आणि टपरीच्या परवान्यासाठी स्वतःच्या सहीने पत्र दिलं. आठ महिने लागले, पण परवाना मिळाला. मी पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या टपरीवर चहा प्यायलो. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, म्हणून मी निघताना पोराच्या हातात ठेवायचो.

आणि २०१९ चा नोव्हेंबर. मी तेव्हा तालुक्याला होतो. अवकाळीने डाळिंबं झाडावरच कुजली होती, आमचे तलाठी चिखलातून पंचनामे करत होते. १२ तारखेला राष्ट्रपती राजवट लागली. १६ तारखेला राज्यपालांनी मदत जाहीर केली, खरिपाला हेक्टरी ८,००० आणि फळबागांना १८,०००, दोन हेक्टरपर्यंत. २३ तारखेला सकाळी आठाच्या सुमारास टीव्हीवर शपथविधी दिसला, तेव्हा मी याद्या तपासत बसलो होतो. २८ तारखेला आणखी एक शपथविधी. पंधरा-सोळा दिवसांत तीन राजवटी, आणि माझ्यापुढच्या यादीत तोच गट नंबर, तोच शेतकरी, त्याचं तेच खातं. आमच्या वरच्या साहेबांनी त्या सकाळी एकच वाक्य सांगितलं, "यादी आज संध्याकाळपर्यंत पाहिजे." मला तेव्हा केवढा आधार वाटला! कारण अशा दिवसांत कारकून सहीसाठी कागद नेतो आणि साहेब म्हणतो, "थांबू या थोडं, काय होतंय बघू." बदलीने एक साहेब जातो. या 'थांबू या'ने अख्खा तालुका थांबतो. मला विचारशील तर सत्ताबदलात सगळ्यात जास्त नुकसान याचं होतं, आणि त्याची बातमी कधी येत नाही.

आता तुझा फोन. हे मी स्वतः पाहिलं आहे, साल आणि नाव सांगत नाही. संध्याकाळचे साडेसात. साहेबांच्या दालनात मी सहीची फाइल घेऊन उभा. वरून फोन आला, एका संस्थेला अमुक जागा द्या, उद्याच. साहेब उठून उभे राहिले, शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाले, "होय साहेब. आपण सांगितलं ते मी लिहून घेतलं. माझ्याकडून काही चुकायला नको म्हणून आजच आपल्या कार्यालयाला पत्र पाठवतो, त्यावर आदेश झाले की लगेच कार्यवाही करतो." फोन ठेवला. आवाज चढला नाही, नियमाचं पुस्तक काढलं नाही, 'जमणार नाही' हा शब्दही नाही.

मग मला बसवून पत्र सांगितलं. ती जागा गायरान, तिच्या मंजुरीचा अधिकार कोणाचा, गावाची मागणी काय, दिली तर काय होईल, आणि शेवटी लेखी आदेश व्हावेत ही विनंती. रात्री नऊला पत्र गेलं. त्याचं उत्तर कधीच आलं नाही. जागा गावाकडेच राहिली. साहेबांची मात्र पाच महिन्यांत बदली झाली, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पुढे दुसरं सरकार आलं, त्या जागेवरून तक्रार झाली, चौकशीला माणसं आली. तोवर साहेब दुसऱ्या जिल्ह्यात होते. नस्तीत, म्हणजे फाइलीत, त्या पत्राची कार्बन प्रत होती. चौकशीवाल्यांनी ती दोनदा वाचली, चहा घेतला आणि गेले. आमच्या शाखेतल्या एकाही कारकुनाला साधी नोटीस आली नाही.

तोंडी आदेश लेखी करून घ्यावा हे वर्तणूक नियमांत आहे, आणि २०१३ च्या त्या निकालातही तेच आहे. पण नियम तिथे असणं आणि संध्याकाळी साडेसातला तो आठवणं यात फरक आहे.

पूर्वभागातली

काका, मी हे नानांना मोठ्याने वाचून दाखवलं. झुणका-भाकरीच्या बाईंपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "त्या साहेबाची बदली झाली, पण पगार चालू राहिला ना?" मी हो म्हणाले. "मग ठीक आहे," म्हणाले.

मला एक विचारायचं आहे. काम सुरू झालेलं असताना नवं सरकार थांबवा म्हणालं, आणि ते लेखीच म्हणालं, तर? तेव्हा तर पत्राचाही मार्ग उरत नाही.

सेवेत_आहे

मी याच जिल्ह्यात कनिष्ठ अभियंता आहे. नोकरीत असल्यामुळे गावाचं नाव आणि साल लिहीत नाही, समजून घ्या.

लेखी स्थगिती येते. नवं सरकार आलं की आधीच्या मंजुऱ्या तपासून घेणं हा त्यांचा अधिकार आहे आणि तो प्रत्येक जण वापरतो. जुलै २०२२ मध्ये जिल्हा वार्षिक योजनेतली कामं नवे पालकमंत्री नेमले जाईपर्यंत थांबवली होती, आणि पालकमंत्री जाहीर झाले २४ सप्टेंबरला. पालकमंत्री हेच जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष, त्यामुळे ते आल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

अशाच एका स्थगितीत माझ्याकडची शाळेची दोन वर्गखोल्यांची इमारत अडकली. प्रशासकीय मान्यता होती, तांत्रिक मान्यता मी स्वतः पाठपुरावा करून आणली होती, कार्यादेश तेवढा निघायचा होता. कार्यादेश नाही म्हणजे कागदावर काम सुरूच झालेलं नाही. पण जुन्या खोल्यांचं निर्लेखन होऊन, म्हणजे त्या कागदावर बाद ठरवून, पाडून झाल्या होत्या. पहिली ते चौथीची पोरं मारुतीच्या देवळात बसत होती. श्रावणात देवळात सप्ताह बसला, तेव्हा पोरं पिंपळाच्या पारावर आली. गुरुजींचा रोज फोन यायचा. ते भांडले असते तर बरं वाटलं असतं, ते फक्त विचारायचे, "मॅडम, काही कळलं का?"

मी चिडून आमच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, चिडून काय होणार, यादी कर. आम्ही दोन दिवस बसून अख्ख्या उपविभागाची स्थगित कामं काढली आणि त्यांचे दोन भाग केले. पहिल्या भागात थांबली तरी कोणाचं अडत नाही अशी, सभामंडप, कमानी, पेव्हर ब्लॉक. दुसऱ्या भागात जुनं पाडून झालं आहे किंवा अर्धवट राहिलं तर माणसाला इजा होईल अशी. पुलाची एक मोरी होती, दोन्ही बाजूंनी खणून ठेवलेली, रात्री तिथे मोटारसायकलवाला पडला होता. प्रत्येक कामापुढे फोटो, तारीख आणि किती मुलं, किती वस्ती हे आकडे. साहेबांनी ती वर पाठवताना स्थगितीवर चकार शब्द लिहिला नाही. एवढंच लिहिलं, की खालील कामं थांबल्याने असे परिणाम होत आहेत, उचित आदेश व्हावेत.

दुसऱ्या भागातली बहुतेक कामं दिवाळीनंतर सुटली. माझी शाळा सुटली, मोरीही झाली. पहिल्या भागातली काही अजून तशीच आहेत आणि खरं सांगायचं तर त्यातल्या दोन कमानी मीही बांधल्या नसत्या. नव्या सरकारला जुन्या यादीतलं सगळंच वाईट दिसतं, जुन्यांना सगळंच पवित्र वाटतं. देवळात कोण बसलंय हे दोघांनाही दिसत नाही, ते आपणच दाखवायचं.

त्यामुळे ताई, लेखी आला तरी मार्ग बंद होत नाही. आदेश पाळायचा आणि त्याच दिवशी परिणाम कळवायचा. पाळायचा हे मात्र नक्की. 'मला पटत नाही' म्हणून लेखी आणि कायदेशीर आदेश बाजूला ठेवणारा अधिकारी मला मर्जीतल्या अधिकाऱ्याइतकाच धोक्याचा वाटतो. त्याला कोणी निवडून दिलेलं नसतं. आदेशच बेकायदेशीर असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तसं कारणासह लिहून द्यायचं.

चंद्रभागेकाठी

पंढरपूरहून राम कृष्ण हरी. माझं महाद्वाराजवळ चुरमुरे-बत्तासे, बुक्का आणि माळांचं दुकान आहे, सरकारातलं मला काही कळत नाही. पण २०२२ ची आषाढी आठवते. करोनामुळे दोन वर्षं पायी वारी नव्हती, त्या वर्षी सगळा महाराष्ट्र लोटला होता. आणि ३० जूनला नवे मुख्यमंत्री शपथ घेतात, १० जुलैला एकादशी! शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांच्याच हातची असते. गावात सगळीकडे चर्चा, आता पूजेला कोण, तयारी कोणाच्या नावाची.

आमच्या दुकानावर बंदोबस्ताचे एक साहेब पाणी प्यायला थांबायचे. मी त्यांना विचारलं, तुमचं आता कसं हो, सगळं बदलावं लागलं असेल. ते म्हणाले, "मालक, आमच्या नियोजनाच्या कागदावर 'माननीय मुख्यमंत्री' एवढंच असतं. नाव नसतंच." वारकऱ्यांच्या ६५ एकर तळावरचे नळ, दर्शनबारी, शौचालयं, रुग्णवाहिका, सगळं ठरलं होतं तसंच झालं. बॅनरवाल्यांची तेवढी रात्रपाळी झाली. आमच्या गिऱ्हाईकाला, म्हणजे वारकऱ्याला, काही फरक पडला नाही. पोरी, तू मुलाखतीला जाताना माळ घेऊन जा, दुकानावर ये, पैसे घेणार नाही.

पूर्वभागातली

सगळ्यांचे खूप खूप आभार. इंजिनिअर मॅडम, पिंपळाच्या पारावरची पोरं मला आता विसरता येणार नाहीत. होटगी रोडवाले दादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. जाताना लिहून ठेवायचं हे वहीत पहिल्या पानावर लिहिलं आहे.

काका, शेवटचं विचारते. परवा परत मॉक आहे आणि ते साहेब पुन्हा असणार. ते पत्र नेमकं कसं लिहायचं? चार ओळी सांगाल का? मी पाठ करणार नाही, पण एकदा हाताने लिहून बघायचं आहे.

निवृत्त_नायब_तहसीलदार

लिही बाळ.

'आज दिनांक अमुक रोजी सायंकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी दूरध्वनीवरून अमुक विषयाबाबत निर्देश प्राप्त झाले. त्यास अनुसरून वस्तुस्थिती खालीलप्रमाणे सादर करण्यात येत आहे.'

मग वस्तुस्थिती. मंजुरी कधी, कोणाच्या अधिकारात, किती खर्च झाला, काम कुठपर्यंत आलं, थांबवलं तर कोणाचं काय होईल. विशेषणं घालू नकोस, 'अन्यायकारक', 'दुर्दैवी' असलं काही नको. आकडे आणि माणसं एवढंच. कोणत्या नियमाखाली रद्द करता येतं आणि कोणत्या नियमाखाली येत नाही, ही दोन्ही कलमं दे. नुसतं येत नाही असं लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटतं, हिची बाजू ठरलेली आहे.

शेवटी, 'तरी याबाबत लेखी आदेश व्हावेत, ही विनंती. आदेश प्राप्त होताच तात्काळ कार्यवाही करण्यात येईल.' हे 'तात्काळ' महत्त्वाचं, ते मनापासून लिही आणि आदेश आला तर तसंच वाग.

सही स्वतःची कर, 'करिता' म्हणून कारकुनाला करायला लावू नकोस. जावक क्रमांक घाल. एक प्रत नस्तीला लाव, घरी नेऊ नकोस, ती कचेरीची आहे. आणि फोन आला ती वेळ लिहायला विसरू नकोस. तारीख सगळेच लिहितात.